धामणीच्या अकरा दांड्या

"बाई, पप्पा गेले," सुजाता दारात उभी राहून म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं गेले?" दुपारची वेळ होती, मी वह्या तपासत बसले होते, शब्द कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत. पोरीनं हातातली छापील पत्रिका तेवढी पुढं केली. पुण्यानुमोदनाची पत्रिका होती. वर 'कालकथित' आणि पुढं पूर्ण नाव, दामोदर सखाराम गांगुर्डे. मी ते दोनदा वाचलं… सात वर्षं हा माणूस माझ्याकडे येत-जात होता. पियानोच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसायचा, माझी बोलणी खायचा, माझा चहा प्यायचा. आणि त्याचं नाव दामोदर आहे हे मला कळलं ते असं, तो गेल्यावर, छापील कागदावरून. मी कधी विचारलंच नव्हतं. मला 'गांगुर्डे' एवढं पुरत होतं.

त्याला आता पाच आठवडे होतील. मी मूळची तापट. शाळेत पोरी मला मागून काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. कुणाबद्दल गोड गोड लिहिणं मला जमत नाही, त्यामुळे हा लेखही तसा होणार नाही. शिवाय तसा तो होऊच नये, कारण या माणसाचं नाव मी एकदा भरल्या सभागृहात गिळून टाकलं होतं. गांगुर्ड्यांनी ते ऐकलं होतं. ते त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. जिथं त्यांचं नाव असायला हवं होतं तिथं ते नाही, ही गोष्ट सात वर्षं माझ्या मनाला टोचत होती, आणि मी ती टोचू देत होते. आज-उद्या करू, असं म्हणत. आणि माणूसच गेला.

आमच्या शाळेच्या सभागृहात एक उभा पियानो आहे. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्यातून तो आला म्हणतात. माझे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यांच्याकडून मी शिकले आणि त्या जोरावर शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले. ज्यांनी पियानो आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी उठते आणि तारेवर आपटून मागं येते. हातोडीचं डोकं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, खाली लाकडाचं बूड आणि मधे पेन्सिलीहून बारीक अशी गोल दांडी. ती दांडी मोडली की पट्टी नुसतीच खाली-वर होते, मुकी. पावसाळ्यात हे सगळं सर्दावतं, म्हणून आम्ही पियानोच्या पोटात एक लहान दिवा लावून ठेवायचो. सात वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी मी वरचं झाकणही उघडं ठेवलं होतं, जरा वारा लागू दे म्हणून. शिपाई स्टुलावर चढून पियानोच्या वर भिंतीवर टांगलेल्या घड्याळाला किल्ली देत होता. खिळा निघाला आणि ते जाडजूड शिसवी घड्याळ सरळ उघड्या झाकणातून आत! केवढा आवाज झाला! वरच्या मजल्यावरच्या पोरी धावत खाली आल्या. गंमत बघा, घड्याळाला काहीही झालं नाही. ते आत पडल्या पडल्या टिकटिक करत होतं. पंधरा हातोड्या मात्र गेल्या.

झाकण मीच उघडं ठेवलेलं, तेव्हा बोलायची सोय नव्हती. आमच्या त्या वेळच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, त्यांनी ताकीद दिली : मुंबईहून जाणता माणूस बोलवा, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये. मुंबईचा माणूस आला. उभ्या उभ्या त्यानं बॅटरीचा झोत टाकून आत पाहिलं आणि म्हणाला, या दांड्या परदेशातून येतात, हल्ली येत नाहीत, मोडीत काढा. अर्ध्या तासात चहा पिऊन परत गेला. मग मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "स्नेहसंमेलनापर्यंत वाजला तर ठेवू. नाहीतर हलवू. गाण्याच्या तासाला पेटी आहेच की. तुम्ही शिवणाचे तास घ्या." मला शिवणाचे तास! सुईत दोरा ओवताना माझा जीव जातो. पण खरं सांगते, शिवणाचं दुःख वरवरचं होतं. मला ते वाद्य सोडायचं नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, आई-वडील गेलेले… सकाळी शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी एकटी तिथं वाजवत बसायचे. त्या अर्ध्या तासावर माझा सबंध दिवस निघायचा.

अशा दिवसांत गांगुर्डे भांडायला आले. मुलगी पाचवीत, सुजाता. तिला गायनात पस्तीस गुण का, असा त्यांचा सवाल होता. मी मोडक्या हातोड्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडून बसले होते आणि डोकं आधीच तापलेलं होतं. म्हटलं, "तुमची मुलगी गात नाही हो, हाका मारते!" मला वाटलं, आता हा माणूस पेटणार. तर ते हसले. "ते माझ्यावर गेलंय," म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा एक तुकडा उचलला. चष्मा कपाळावर सरकवून मोडलेलं टोक डोळ्याशी नेलं. दुसरा उचलला. न विचारता तुकड्यांच्या दोन राशी करायला लागले. मी ओरडले, "अहो, हात नका लावू!" पण त्यांनी ऐकल्याचं दिसलं नाही.

"ह्या चार फाटल्याल्या हायेत बाई. आन् ह्या अकरा तुटल्याल्या."

"त्यात काय फरक? मोडलं ते मोडलं."

"लय फरक हाय. फाटतं तव्हा लाकूड रेघेरेघेनं उकलतं, लांब सळ निघते. ती परत एकमेकात बसती. सरस भरायचा, वरून दोरा गुंडाळायचा, झालं. पण आडवं तुटलं की धरायला जागाच ऱ्हात नाय. तिथं नवीच घालावी लागती."

मी विचारलं, तुम्ही सुतार का? तर म्हणाले, तसं नाही, अंबडला कारखान्यात पॅटर्नमेकर. पितळेच्या व्हॉल्व्हचे लाकडी साचे करतात. तो साचा वाळूत दाबून ठसा घ्यायचा, साचा काढून घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं पितळ ओतायचं. मूळचे देवळ्याकडचे, आजोळच्या लोकांनी सुतारकाम शिकवलं, आणि पुढं शहरात आल्यावर या धंद्यात शिरले. सांगता सांगता जे म्हणाले ते मी तेव्हा या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं, आज मात्र शब्दनशब्द आठवतं. "माझ्या हातचं लाकूड कुनाला दिसत नाय बाई. वाळूतनं निघालं की कपाटात. लोकांना व्हॉल्व्हच दिसतो." बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसंच सांगितलं त्यांनी.

मग रविवार मागून रविवार सुरू झाले. मोठ्या बाईंना पत्ता नव्हता. मी रखवालदाराला सांगितलं होतं, बाकं दुरुस्त करायला माणूस येतो आहे. पहिल्या रविवारी चार फाटलेल्या जोडून झाल्या. डब्यात पाणी, पाण्यात दुसरा लहान डबा, त्यात सरसाचे, म्हणजे हाडाकातड्याच्या गोंदाचे, खडे विरघळत होते. सभागृहभर असा वास सुटला की मी नाकाला पदर लावून खिडक्या उघडत फिरले. म्हटलं, अहो, आता ट्यूबमधून पांढरा गोंद मिळतो, हे कशाला मागच्या जन्मीचं? तर म्हणाले, "तो गोंद धरला की सोडत नाय. सरस सोडतो. ऊन पाणी लावलं की परत मोकळा व्हतो. मानसाची चूक व्हती बाई, तिला जागा ठिवावी." मी म्हटलं, चुका करणारा माणूसच मुळात कशाला आणायचा! त्यावर हसले. त्यांना माझ्या बोलण्याचं काही लागतच नसे, किंवा लागलं तरी मला दिसत नसे. आता वाटतं, दुसरंच खरं असावं.

नव्या दांड्यांसाठी लाकूड कोणतं, यात तीन आठवडे गेले. साग आणून पाहिला. तेलकट, सरस धरेना. बांबू पाहिला, फार लवचीक, हातोडी तारेवर जाऊन थरथरायची. एका रविवारी ते सायकलला काहीतरी लांबलचक बांधून आले आणि म्हणाले, "धामण आनली." मी दोन पावलं मागं! धामण म्हटल्यावर मला सापच आठवला. ते इतके हसले की सायकल स्टँडवर लावता येईना. धामण म्हणजे झाडाचं नाव, पेठ-सुरगाण्याकडच्या जंगलातलं. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात आणि टांग्याचे पुढचे लांब दांडेसुद्धा, कारण ते लाकूड वाकतं, दणका सोसतं, पण मोडत नाही. द्वारकेच्या चौकात एका टांगेवाल्यानं गाडी काढून टाकली होती, त्याच्याकडून त्यांनी तो दांडा आणला होता. वीस-बावीस वर्षं उन्हापावसात मुरलेलं लाकूड. ज्या दांड्याला घोडा जुंपून लोकांना स्टेशनावर सोडलं, त्याचा पियानो होणार म्हटल्यावर मला हसावं की रडावं कळेना.

त्यांनी कारखान्यातून पोलादाची एक जाड पट्टी करून आणली होती, तिला ओळीनं भोकं, एकाहून एक लहान. लाकडाच्या चौकोनी काड्या काढायच्या आणि त्या एकेका भोकातून हातोड्यानं ठोकत पलीकडे काढायच्या. सोऱ्यातून शेव पडावी तशी दर भोकाला काडी गोल होत जाते. शेवटच्या भोकातून निघाली की दांडी तयार. तशा त्यांनी तीसेक काढल्या. म्हटलं, अकराच तर पाहिजेत. त्यावर त्यांनी मला फरशीवर बसवलं आणि एकेक दांडी हातभर उंचीवरून खाली टाकायला लागले. टण्… टिण्… ठप्प. "बाई, तुमाला कान हाय. वरचा आवाज कोनाचा, खालचा कोनाचा, सांगा." मी थक्क झाले. खरंच, प्रत्येक काडीचा सूर वेगळा होता! एकाच दांड्यातलं लाकूड, एकाच भोकातून निघालेलं, तरी वेगळा. मी डोळे मिटून सांगत गेले, ते वेगळ्या करत गेले. चांगल्या टणक बोलणाऱ्या पियानोच्या उजव्या बाजूला, जरा मऊ त्या मधे, आणि ठप्प म्हणणाऱ्या बाद. माझ्या आयुष्यात मी इतक्या आनंदानं कुणाबरोबर काम केलं नाही. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं?

मोडक्या दांड्यांची बुडं आणि डोकी भोकं साफ करायला ते घरी घेऊन गेले. दांडीची लांबी किती ठेवायची हे पियानोतल्या शेजारच्या धडक्या हातोड्यांवरून ठरणार होतं. त्यांनी सुजाताबरोबर निरोप धाडला, बाईंना मोजून चिठ्ठी द्यायला सांग. मी वर्गातली लाकडी फूटपट्टी लावून एकेक माप नीट लिहून दिलं. पुढच्या रविवारी अकरा हातोड्या जोडून आणल्या, आत बसवल्या, स्क्रू आवळले. मी बसले वाजवायला. आणि जो काही आवाज निघाला! पत्र्यावर चमचा मारावा तसा. आत डोकावून पाहिलं, तर अकराही जणी शेजारणींच्या वर मान काढून उभ्या. साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या उंच, पण तेवढ्यानं तारेवरची मारायची जागा चुकत होती. माझा पारा चढला. "वाटोळं केलंत गांगुर्डे! साधं मोजता येत नाही तुम्हाला!"

त्यांनी एक दांडी काढली, शर्टाच्या खिशातून आपली स्टीलची पट्टी काढून लावली. "बरोबर हाय," म्हणाले. मी माझी फूटपट्टी लावली. लांब! त्यांनी परत त्यांची लावली. बरोबर! "म्हणजे माझी फूटपट्टी खोटी?" "आन् माझी काय बाजारातली हाय? कंपनीची हाय ती, बाई!" आवाज इतके चढले की रखवालदार दारात येऊन उभा राहिला. शेवटी मी त्यांच्या हातातून पट्टी ओढली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य. एकाला एक जवळजवळ बरोबर. पाचापाशी फरक दिसायला लागला, आणि बाराशी दोघी चक्क दोन ठिकाणी. गांगुर्डे बघत राहिले. "हाई काय शे…" असं गावाकडच्या बोलीत पुटपुटले आणि मग त्यांनी असा कपाळावर हात मारून घेतला की मीच घाबरले.

ती पट्टी साच्यांची होती. पितळ तापलेलं ओततात, थंड झालं की ते आटतं, थोडंसं लहान होतं. मग साचा आधीच थोडा मोठा करायला हवा. दर वेळी कोण गणित करत बसणार, म्हणून या कामगारांच्या पट्टीवरचा इंचच थोडा मोठा आखलेला असतो. माझं माप खऱ्या इंचातलं, त्यांनी कापलं आटणाऱ्या इंचानं. अठरा वर्षं ती एकच पट्टी खिशात. "घरातल्या खिडकीचं माप बी मी हिच्यानंच काढून दिलं व्हतं," ते म्हणाले, "म्हनूनच बसली नाय ती!" मग दोघंही हसत सुटलो. खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसलो. पुढं मी कधी कधी विचार करत बसे, की आयुष्यभर ज्या माणसानं प्रत्येक वस्तू आटणार हे धरूनच मापली, त्याला माणसांकडूनही तेवढीच अपेक्षा असेल. आपण दिलं त्यापेक्षा हाती थोडं कमीच येणार. त्यात नवल काय करायचं?

सरस होता म्हणून निभावलं. ड्रॉपरनं ऊन पाणी सोडत, नमद्याला थेंब लागू न देता, त्यांनी अकराही दांड्या मोकळ्या केल्या, माझ्या फूटपट्टीनं कापल्या, परत बसवल्या. संमेलनाला आठ दिवस होते. शेवटच्या रविवारी सूर जुळवायला आम्ही पियानोच्या पट्ट्या काढल्या, तेव्हा डावीकडच्या अगदी पहिल्या पट्टीच्या कडेला त्यांना पेन्सिलीची अक्षरं दिसली. तीन नावं होती, इंग्रजीत, पुसट. "हे कोन?" मी म्हटलं, आधी ज्यांनी ज्यांनी दुरुस्ती केली ते, या धंद्यातली रीतच आहे, काम झालं की आत सही करायची. त्यांनी ती पट्टी हातात धरून बराच वेळ पाहिली. "म्हंजे लाकडावर नाव ऱ्हातं व्हय?" एवढंच बोलले. आणि कानावरची पेन्सिल काढली.

मी म्हटलं, "नको."

का, हेही सांगते. माझ्या डोळ्यांपुढं मोठ्या बाई आल्या. त्या झाकण उघडतील, बघतील, मराठी नाव, कारखान्यातला माणूस, त्यांच्या मनाईनंतर… "मोठ्या बाई बघतील हो. पुढं कधीतरी करा." त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि पट्टी जागेवर बसवली. काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

संमेलन झालं. पियानो असा वाजला की पाहुण्यांनी भाषणात त्याचा वेगळा उल्लेख केला. मोठ्या बाई खुशीत, ध्वनिक्षेपकासमोरच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, दुरुस्त कुणी केला सांगा की सगळ्यांना!" सभागृह भरलेलं. दाराशी पालकांच्या गर्दीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गांगुर्डे उभे होते, सुजाताचा हात धरून. आमची नजरानजर झाली. आणि मी म्हणाले, "मुंबईहून माणूस आला होता." टाळ्या पडल्या. गांगुर्ड्यांनीही वाजवल्या. पोरगी वर मान करून त्यांच्याकडे बघत होती, ते मात्र समोर बघत टाळ्या वाजवत होते. ते मला अजून दिसतं. दोन दिवसांनी आले तेव्हा मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "वाजतंय ना नीट?" मी म्हटलं, वाजतंय. "मंग झालं की." विषय संपला. म्हणजे मी संपू दिला.

पुढं सात वर्षं दर पावसाळ्यानंतर ते येत राहिले. मागच्या फाटकानं, बाकं दुरुस्त करणारा माणूस म्हणून. सुजाता दहावी झाली, नर्सिंगला गेली. मोठ्या बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. तरी मी ती पेन्सिल पुन्हा त्यांच्या हातात दिली नाही. भीती केव्हाच संपली होती. पण विषय काढला की ती सगळी गोष्ट काढावी लागणार, म्हणून टाळत राहिले. माणूस किती आळशी असतो आपल्या चुकांच्या बाबतीत! गेल्या हंगामात ते आले तेव्हा सभागृहाच्या पायऱ्या चढताना मधेच थांबले होते, छातीवर हात ठेवून. मी म्हटलं, विड्या कमी करा. बस, तीच शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. त्यांच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराबाहेर मांडव होता. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, मग एकेक जण आदरांजलीला उठला. कारखान्यातले उठले, शेजारी उठले. सचोटीचा माणूस, बारीक हाताचा कारागीर. पियानोचं नाव कुणीच काढलं नाही, काढणार कसं? मी उठावं म्हणून दोनदा पदर सावरला. दोन्ही वेळा तशीच बसून राहिले. माणसं पांगल्यावर त्यांची बायको, विमलताई, माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. "तुमच्या त्या मोठ्या पेटीचं लय सांगायचे हे," ती म्हणाली. "बाईंचा कान लय तिखट, म्हनायचे."

मी विचारलं, "संमेलनात मी काय म्हणाले, ते सांगितलं होतं का त्यांनी?"

"नाय ओ. काय म्हनाल्या व्हत्या?"

सात वर्षांत घरीसुद्धा बोलले नव्हते… मग मला सांगावंच लागलं. पेन्सिलीचंही आणि मुंबईच्या माणसाचंही. जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाशी वागता येतं. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी घरी आले आन् जेवले नाय. मला वाटलं, बाहेर खाऊन आले." आणि मग उठून पातेली आवरायला गेली. जाता जाता मी तिला गाठलं आणि म्हटलं, विमलताई, एक दिवस शाळेत याल का?

नव्या मुख्याध्यापिकांना मी सगळी हकीकत सांगून परवानगी मागितली. त्या कागदांवर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहा की. त्यात विचारायचं काय?" एवढंच होतं ते! एका वाक्याचं काम.

गेल्या रविवारी विमलताई आली, पांढरं लुगडं नेसून, सुजाताबरोबर. पुढच्या फाटकानं आणलं मी त्यांना. पियानोची पुढची फळी काढली, पहिली पट्टी काढून उजेडात धरली. खोटं कशाला बोलू, मला मनातून आशा होती, की सात वर्षांत कधीतरी माझी पाठ वळल्यावर त्यांनी गुपचूप सही केली असेल. मी चष्मा पुसून कडेनं नीट पाहिलं. तीच तीन नावं. त्यांनी केली नव्हती. बाई नको म्हणाल्या म्हणजे नको. मी पेन्सिल विमलताईच्या हातात दिली. ती म्हणाली, "तुमीच लिवा, माझं अक्षर चौथीतलं." मी म्हटलं, नाही, हे मी लिहायचं नाही. मग तिनं पट्टी मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं, दामोदर सखाराम गांगुर्डे. थोडं थांबून खाली 'अंबड' लिहिलं. सुजातानं वाचून दाखवलं, तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती.

पट्टी जागेवर बसवली. ती म्हणाली, "आता वाजवा की बाई. मी कधी ऐकलीच नाय." मी वाजवायला लागले. सुजाता खांबाला टेकून उभी होती, विमलताई बाकावर पुढं सरकून बसलेली. थोड्या वेळानं तिनं मला हात करून थांबवलं. "यातल्या ह्यांच्या कुठल्या? त्येवढ्याच वाजवा."

मी मधून उजवीकडे एकेक पट्टी दाबत निघाले. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्या अकरा मला बरोबर ऐकू यायच्या, जरा कोरड्या, जरा पुढं पुढं करणाऱ्या. आता सावकाश दाबल्या, कान देऊन ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून आले. तिसऱ्यांदा डोळे मिटून दाबल्या. रोज सकाळी मी त्या वाजवते, आणि मला एकही वेगळी काढता येईना.

"विमलताई, कळत नाहीत हो," मी म्हटलं. "सगळ्या सारख्याच लागतात."

तिनं सुजाताकडे पाहिलं, मग पियानोकडे. "मंग जमलं म्हनायचं त्यांना," ती म्हणाली.